पाणी किती वाजता?

ऑक्टोबरात शिकायला हॅम्बुर्गला पोचले त्या रात्री घरून फोन आला. जेवलीस का, पांघरूण पुरेसं आहे का, हे आईचे प्रश्न संपेपर्यंत बाबा थांबले. मग म्हणाले, "बाय, तिथं पानी किती वाजता येतं?" मी म्हटलं, बाबा, इथे नदी आहे, समुद्र शंभर किलोमीटर लांब. ते "बरं" म्हणाले. माझी खोली त्यांना डोळ्यांपुढे आणता आली नाही, हे त्या "बरं"मध्ये मला ऐकू आलं.

आमच्या गोराई गावात घड्याळाआधी पाणी बघतात. माझं कॉलेज खाडीपलीकडे, बोरिवलीच्या बाजूला. फेरीबोटीत माणसांबरोबर स्कूटरीही चढायच्या. भरती असली की बोटीतून पाऊल सहज धक्क्यावर पडे. ओहोटीला शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडत. बॅग छातीशी धरून जपून चढायचं. बाजूला तिवरांच्या मुळांमध्ये निवट्या चिखलावर उड्या मारत असायच्या. बाबा डोलीवर जात. डोल म्हणजे खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं लांब जाळं. वाहत्या पाण्यानं ते भरतं आणि पाणी थबकतं तेवढ्या वेळातच ओढून घ्यावं लागतं. म्हणून शाळेतल्या पाढ्यांआधी त्यांनी मला पाऊणकी शिकवली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. भिंतीवरचं कालनिर्णय बघायचं आणि उत्तर ओरडून सांगायचं.

हॅम्बुर्गचे पहिले आठवडे कागदांत गेले. पत्ता नोंदवा, विमा दाखवा, खातं उघडा. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच अडकवून ठेवले होते. त्यातले ९९२ दर महिन्याला हातात येत. त्यांत बाबांच्या होरीच्या, म्हणजे छोट्या होडीच्या, नव्या इंजिनाचे पैसे होते. पाव घेताना मला ते इंजिन आठवायचं. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य बुडे आणि रविवारी दुकानं बंद. शनिवारी दुपारी बोललेला शब्द सोमवारच्या तासापर्यंत पुरवायचा, असे दिवस होते.

एका रात्री सगळे झोपले असतील असं समजून मी सामाईक स्वयंपाकघरात आईनं दिलेला सुका जवळा भाजायला घेतला. खिडकी सताड उघडी, वारा कापतोय, आणि वास मात्र जिन्यापर्यंत. शेजारच्या खोलीतली मुलगी आली. मी माफी मागणार, तोच तिनं तव्यावर वाकून खोल श्वास घेतला. ती उत्तर समुद्राकाठच्या ब्यूझुमची. तिची आजी असलीच बारकी कोळंबी बोटांनी सोलत बसते, म्हणाली. आम्ही दोघींनी तो जवळा पावाबरोबर खाल्ला. तिनंच मला सांगितलं, इथल्या नदीला, एल्बेला, भरती येते.

मी रोज लांडुंग्सब्रुकेनच्या धक्क्यावरून ६२ नंबरची फेरी पकडायचे, तरी मला कळलं नव्हतं. तिथले धक्के तरंगते असतात, काठापासून त्यांच्यापर्यंत लोखंडी पूल. एखाद्या सकाळी त्या पुलावरून उतरताना मी कठडा धरलेला असे आणि संध्याकाळी तोच पूल जवळजवळ आडवा. मला वाटायचं, थकव्यानं मलाच तसं वाटतंय. दुसऱ्या दिवशी मी नीट पाहिलं. चढ बदलत होता. गोराईत पायऱ्या मोजायचो, इथे उतार मोजायचा.

पाऊणकी लावून पाहिली, जुळली नाही. समुद्राच्या तोंडाशी, कुक्सहाफेनला आलेली भरती नदीतून इथवर चढायला तीन तासांहून जास्त घेते. पण रोज साधारण पाऊण तास उशीर, तो तोच. चंद्र तोच ना.

तेव्हापासून मला आनंदीबाई जोशी वेगळ्या दिसू लागल्या. शाळेत त्या धड्यात भेटल्या होत्या. लहानपण कल्याणचं, तेही खाडीकाठचंच गाव. १८८३ साली, अठराव्या वर्षी, नवऱ्याशिवाय जहाजानं निघाल्या, फिलाडेल्फियात शिकल्या, मार्च १८८६मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. माझ्या हातात निदान फोन आहे. त्यांच्या पत्राला उत्तर यायला आठवडेच्या आठवडे जात. फिलाडेल्फियाच्या डेलावेअर नदीत भरती येते. त्यांच्या अस्थी पोकीप्सीला, ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. ते गाव हडसनकाठी, आणि समुद्राची भरती तिथून आणखी वर, ट्रॉयपर्यंत चढते. त्यांनी ते चढतं पाणी पाहिलं असेल का, कल्याणशी ताडून पाहिलं असेल का, हा विचार मला सुटत नाही.

जानेवारीत पौर्णिमेला मी आपणहून फोन लावला. म्हटलं, "बाबा, उधाण आहे. पूल आडवा झालाय." पलीकडे आईला गप्प बसवल्याचा आवाज. मग त्यांनी विचारलं, "पानी एवढं चढतं-उतरतं, तर बारक्या होऱ्या कुठं बांधतात गं?"

मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर बघायला गेले.