काकू, फॉर्म कसा भरायचा?



मागच्या दशलक्षण पर्वात माझ्या तोंडून एक वाक्य निघाले. आमच्या गल्लीतली एक सून नऊ वर्षांच्या मुलाला उचलून मंदिरात आणायची. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. तो मोठ्याने ओरडला की ही उठून बाहेर जायची. मी समजुतीने म्हटले, "असू दे गं, पूर्वकर्माचा उदय." दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

क्षमावाणीला तिच्या घरी गेले. म्हणाली, "काकू, राग नाही. पण कर्माचं मी रोजच ऐकते. कुठे जायचं, फॉर्म कसा भरायचा, ते कुणीच सांगत नाही."

मी बी.कॉम. झालेली बाई. कागद मला कळतात, म्हणून दुसऱ्या दिवशी चष्मा घेऊन बसले. डॉक्टरांच्या फायली वीतभर, पण अपंगत्वाचा दाखला नाही! आधी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा अर्ज केला, मग सरकारी दवाखान्यात तपासणी. आधारावरचे नाव वेगळे निघाल्याने एक फेरी फुकट गेली. तुमची नावे आधी जुळवून घ्या.

दाखला हाती आल्यावर नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' विम्यात नाव घातले. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी हा विमा आहे. वर्षाला 1 लाखापर्यंत, आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो. थेरपीचे पैसे आधी आपण भरायचे, मग बिले पाठवायची. म्हणून एकही पावती टाकू नका, पिशवीत ठेवा.

खरी चीड आली ती प्राप्तिकराच्या वेळी. कलम 80 डीडीखाली अशा मुलाच्या पालकाला 75,000 रुपयांची वजावट मिळते, अपंगत्व 80 टक्के वा जास्त असेल तर 1,25,000. नवीन करप्रणालीत ती नाही, म्हणून दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. तिच्या नवऱ्याने इतकी वर्षे ती घेतलीच नव्हती.

शाळेचे अजून अडले आहे. एका शाळेने "जमणार नाही" म्हणून परत पाठवले. 2016 च्या कायद्याने 40 टक्के वा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे लिहून अर्ज दिलाय, पोच घेतलीय.

चार दानांत औषधदान आहे, शास्त्रदान आहे. फॉर्म भरून देणे कशात बसते, हे पंडितजींना विचारायचे राहिलेच.

परवा अभिषेकाच्या वेळी मुलगा ओरडला. दोघी-तिघींनी मागे वळून पाहिले. ती बसूनच राहिली. मी तिच्या शेजारी सरकले.