ड्रायर का फिरेना?

आमच्या वस्तीत आता बऱ्याच घरी दोन टपांचे सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आले आहे. कुणी हप्त्यावर घेतलेले, कुणी सेकंडहँड. कपडे धुण्याचा टप एकवेळ बंद पडला तरी आपल्या आयाबहिणींचे अडत नाही; धोपटणे आणि मोरी आहेच. अडते ते ड्रायर बंद पडल्यावर. पावसाळ्यात दीड खोलीच्या घरात ओले कपडे वाळवायचे कुठे?

आमच्या घरी मुलांची आई सफाई कामाला जाते. युनिफॉर्मचे जोड दोनच. गेल्या जुलैत ड्रायर थांबला आणि ती तीन दिवस दमट कपड्यांवर कामाला गेली. नाक्यावरचा कारागीर आला, पाठीमागची पत्री न खोलताच म्हणाला, "मोटर जळाली, अडीच हजार लागतील." अडीच हजार म्हणजे आमचा महिन्याचा किराणा!

आमची धाकटी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "पप्पा, मोटर गुरगुरतेय ना? म्हणजे करंट पोचतोय. उघडून बघितल्याशिवाय जळाली कसं म्हणायचं?" मग आम्ही सगळेच कामाला लागलो.

तिचा हिशेब आम्हाला पटला, म्हणून येथे मांडतो. ड्रायर अगदीच मुका असेल तर दोष प्लग, टायमर, उंदराने कुरतडलेली वायर किंवा झाकणाखालचा स्विच यांत शोधायचा. झाकण नीट बसले नाही तर तो स्विच मोटरला करंट जाऊच देत नाही. मात्र मोटर गुरगुरत असेल तर ही सगळी मंडळी निर्दोष. मग एक तर काहीतरी अडकले आहे, नाहीतर कपॅसिटर कमजोर झाला आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा टायमर फिरवून पाहू नये. न फिरणारी मोटर तापते, आणि चांगली असली तरी मग खरोखरच जळते.

प्लग काढला, पाणी सोडून दिले, मशीन मोरीतून कोरड्या जागी ओढले. कपॅसिटरला हात लावायचा नाही, हे धाकटीने आम्हाला दोनदा बजावले. प्लग काढल्यावरही त्यात करंट साठून राहतो म्हणे. ड्रायरच्या टपाभोवतीच्या फटीत बॅटरी मारून पाहिले. तेथे पुष्कळदा बाळाचा मोजा नाहीतर रुमाल जाऊन बसतो. आमच्यात काही नव्हते.

नंतर पाठीमागची पत्री खोलली. टपाच्या खाली मोटर, आणि दोघांच्या मध्ये ब्रेकचे चाक. झाकण उघडले की ब्रेक त्या चाकाला धरतो, म्हणून जोरात फिरणारा टप चटकन थांबतो. झाकण लावले की एक तार ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. सायकलच्या ब्रेकसारखेच, फक्त उलटे. म्हणून तपासताना झाकण लावूनच चाक हाताने फिरवायचे. आम्ही फिरवले, तर घट्ट! झाकण लावूनही ब्रेक चाकाला चिकटलेलाच. वापरून वापरून तार सैल पडली होती. तारेच्या टोकाच्या पट्टीला तीन भोके होती. धाकटीने हूक एक भोक पुढे अडकवला. चाक मोकळे झाले. पत्री लावली, प्लग लावला, आणि ड्रायर असा सुटला की आजी दचकून उठल्या. खर्च शून्य. कारागिराने फेरीचे शंभर घेतले होते तेवढेच.

मुलांच्या आईने त्याच रात्री दोन्ही युनिफॉर्म पिळून घेतले. सकाळी कडक इस्त्री करून गेली, लेकीशी एक शब्द न बोलता. डब्यात मात्र तिच्यासाठी अंड्याची पोळी होती.

आता वरच्या मजल्यावरच्या मावशींनी निरोप धाडला आहे. त्यांचा ड्रायर गुरगुरतही नाही, अगदी गप्प आहे. म्हणजे सुरुवात झाकणाच्या स्विचपासून. रविवारी जायचे ठरले आहे.