भाताच्या मुलखातला मधुमेह

नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या धानात तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. तिसरीपर्यंत शिकलेल्या या माणसाने त्यांचं बियाणं वर्षानुवर्षं निवडून वाढवलं आणि त्यातून निघालेल्या बारीक तांदळाला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव पडलं. आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या पाहुण्याला ताटात हाच तांदूळ हवा असतो. दादाजींचं ऋण मोठं आहे. त्यांनी सुवासिक, भरघोस पीक दिलं. तांदळाचा कोंडा काढून तो पांढराशुभ्र करण्याचं काम गिरणीने केलं, आणि मधुमेहाच्या दृष्टीने फरक तिथे पडला.

सडीच्या पांढऱ्या तांदळात शंभर ग्रॅममागे सुमारे ७८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि जेमतेम सात ग्रॅम प्रथिनं असतात. उखळात कांडलेल्या तांदळावर कोंड्याचा थर थोडाफार राहायचा, त्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरायची. शिवाय तो भात खाणारा माणूस दिवसभर रोवण्याच्या चिखलात, नाहीतर तेंदूपानासाठी जंगलात असायचा. आता चिखलणी ट्रॅक्टरने होते, बाजाराला मोटारसायकलने जातात. ताटातला भाताचा ढीग मात्र तेवढाच राहिला. रेशनवरही मुख्यतः धान्यच मिळतं. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१८ मध्ये आदिवासी आरोग्यावरचा अहवाल दिला. कुपोषण आणि संसर्गजन्य आजार संपण्याआधीच आदिवासी भागांत मधुमेह-रक्तदाबासारखे आजार वाढू लागल्याचं त्यात नोंदवलेलं आहे.

मग करायचं काय? महाराष्ट्रात याचं सर्वांत गाजलेलं उत्तर विदर्भातूनच निघालं. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगावी नेलेला दोन वेळच्या जेवणाचा मार्ग आज घराघरांत माहीत आहे: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मधे काही खायचं नाही. पोट सुटलेल्या, दिवसभर चहा-बिस्किटं चालणाऱ्या माणसाला याचा उपयोग होतो असं माझं मत आहे. वजन उतरलं की साखर उतरते हे ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीनेही दाखवलं. तिथे कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरात औषधाविना आटोक्यात आला. पण ती सगळी जास्त वजनाची माणसं होती. इथे तर दवाखान्याच्या बाकावर हडकुळा मधुमेहीही बसलेला असतो.

हा हडकुळा रुग्ण नीट समजून घ्यायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबतचा स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! भारतीय माणूस काट्यावर हलका आणि आतून चरबीचा असू शकतो, म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन धरतात; कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नये. पण ज्याच्या अंगावर खरोखरच मांस नाही, लहानपण उपासमारीत गेलं, त्याचा आजार वेगळा असू शकतो. कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. अशा माणसाला ‘कमी खा’ सांगणं घातक आहे. त्याला चांगलं खायला सांगायला हवं.

ते चांगलं या मुलखात विकत आणावं लागत नाही, निदान सगळं तरी नाही. मामा (माजी मालगुजारी) तलावांत आणि बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, मासे, झिंगे आहेत. बांधावर तूर आहे, परसात बरबटी आणि पोपटाच्या शेंगा आहेत. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, सात्या (रानातली अळंबी), आणि उकळून कडू पाणी टाकलेले वास्ते (बांबूचे कोंब). यातलं बहुतेक आता पाहुण्यांसमोर ठेवायला संकोच वाटणारं अन्न झालं आहे, याचं मनापासून वाईट वाटतं. ताट असं वाढा: अर्ध्या ताटात भाजी, पाव ताटात घट्ट वरण, उसळ, अंडी किंवा मासे, आणि उरलेल्या पावात भात. भाजी-वरण आधी खा, भात शेवटी. एवढ्या क्रमबदलानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. जमेल तेव्हा उकडा तांदूळ घ्या. कोदो-कुटकी घरची असेल तर एक वेळ तिचा भात करा, मात्र तोही मापातच. मोहफुलं रानातली म्हणून निर्धोक समजू नका, वाळलेल्या फुलांत साखर भरपूर असते.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरेल, वडशाच्या नाटकमंडळ्या निघतील, रात्रभर नाटक आणि सोबत भजी-जिलेबी चालेल. मधुमेह्याने नाटकाला जरूर जावं, पण घरून जेवून जावं. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये किंवा उपास धरू नये. साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

आणि एक गोष्ट खास चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी. इथे सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. त्या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी खोटी कमी येऊ शकते. पथ्य छान चाललंय असं कागद सांगतो आणि साखर मात्र चढलेली असते. घरात कुणालाही सिकलसेल असेल, किंवा तुम्ही वाहक असाल, तर तपासणीच्या वेळी ते आवर्जून सांगा, आणि उपाशीपोटीची व जेवणानंतर दोन तासांची साखर तपासून घ्या. तिशी ओलांडलेल्यांची साखर गावच्या उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात, फुकट तपासली जाते.