शब्दांवर खुनाचा खटला

आर्तुरो जोव्हानित्ती. नाव जिभेवर बसायला वेळ लागतो. मला चार दिवस लागले. पाळी सुटली की वाचनालयात जायचं, डिक्शनरी मांडीवर घ्यायची नि एकेक ओळ फोडायची. शाळा नववीत सुटलेली, त्यामुळं इंग्रजी म्हणजे खडी फोडण्याचं काम. पण सोडलं नाही. कारण एक गोष्ट डोक्यातून जाईना. १९१२ साली अमेरिकेत एका कवीला लोखंडी पिंजऱ्यात बसवून खुनाचा खटला चालवला. त्यानं हत्यार धरलं नव्हतं. खून झाला तिथं तो नव्हताही. तो बोलला होता, एवढाच त्याचा गुन्हा.

दोस्तांनो, आपल्या बैठकीत एक वाद कायम असतो. कविता लिहायची का मोर्चा काढायचा? काही कार्यकर्ते म्हणतात, कविता हा बसून करायचा धंदा आहे. तिकडं मासिकवाले म्हणतात, तुमची कविता ही कविताच नाही, घोषणा आहे. माझी एक कविता एवढं एक वाक्य लिहून परत आली. दोघांची भांडणं वेगळी दिसतात, पण बोलतात एकच: शब्द एकीकडं, लढा दुसरीकडं. म्हणून हा माणूस तुमच्यापुढं ठेवतो.

जन्म ७ जानेवारी १८८४, दक्षिण इटलीतल्या रिपाबोत्तोनी गावी. घर शिकलेलं होतं. तो तळातून वर आलेला नव्हता, हे आधीच सांगतो. उगाच कुणालाही आपला म्हणून मिठी मारायची मला सवय नाही. विशीच्या आत-बाहेर तो समुद्र ओलांडून कॅनडात आला, तिथं अंगमेहनत केली, कोळशाच्या खाणीत राबला. मग धर्मशास्त्र शिकला नि इटालियन मजुरांच्या वस्तीत उपदेश करू लागला. ज्यांच्या पोटात पाव नाही त्यांना स्वर्ग सांगणं किती दिवस चालणार? चर्च सुटलं. न्यूयॉर्कला समाजवाद्यांत मिसळला. १९११ साली ‘इल प्रोलेतारियो’ या इटालियन कामगारांच्या पत्राचा संपादक झाला. तोवर त्याला ओळखणारे म्हणजे इटालियन बोलणारे मजूर.

आता लॉरेन्सकडं चला. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं गिरणगाव. नदीकाठी लोकरीच्या नि सुताच्या अजस्र गिरण्या. त्यांत इटालियन, पोलिश, लिथुआनियन, सीरियन, बेल्जियन, किती देशांची माणसं. बायका नि पोरंही तेवढीच. पुऱ्या आठवड्याची मजुरी सरासरी नऊ डॉलरच्या आत. १ जानेवारी १९१२ पासून राज्यात कायदा आला: बायका नि १८ वर्षांखालची पोरं यांचं काम आठवड्याला ५६ तासांवरून ५४ तासांवर. कायदा कामगारांच्या भल्याचा. मालकांनी दोन तासांबरोबर पगारही कापला. आठवड्याला साधारण ३२ सेंट. आपल्याला वाटेल, एवढ्यावर संप? पण ज्यांच्या घरात पाव मोजून वाटला जातो, त्यांना ३२ सेंट म्हणजे किती, हे कळायला हिशेबनीस लागत नाही. ११ जानेवारीला पोलिश बायकांनी माग थांबवले. दुसऱ्या दिवशी गावच उठलं. वीस हजारांवर माणूस रस्त्यावर. पुलावर जमलेल्या संपकऱ्यांवर जानेवारीच्या थंडीत बंबाचं पाणी मारलं, तरी कुणी मागं गेलं नाही.

तिथं कसबी कामगारांची जुनी युनियन होती. तिचा पुढारी जॉन गोल्डन संपाच्या विरोधात गेला. जुन्या पुढाऱ्यांना वाटे, ही परदेशी, बिनकसबी माणसं, एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, यांची कसली संघटना? मालकांचंही गणित तेच होतं.

इथं मला मुंबईचा १९२८ चा संप आठवला. तेव्हा अस्पृश्य कामगाराला चांगल्या पगाराच्या साचाखात्यात घेत नसत. धोट्याच्या भोकातून दोरा तोंडानं ओढावा लागे, मग आपल्या ओठांचा विटाळ दुसऱ्याला होणार! बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना बजावलं, ही बंदी उठवायची मागणी घ्या, नाहीतर आमच्या माणसांनी संपात का यावं? पुढाऱ्यांनी कुरकुरत ती घेतली. मालक म्हणाले, ही बंदी आम्ही घातलेली नाही. आणि बघा, त्यातही तथ्य होतं. शेजारच्या साच्यावर उभा असलेला कामगारच ती पाळत होता.

दोन्ही गोष्टी एक नाहीत. लॉरेन्सच्या पोलिश मजुराला इटालियनाच्या हातचा पाव बाटवत नव्हता. परकी भाषा शिकता येते, जात शिकून जात नाही. पण मालकाची नि जुन्या पुढाऱ्याची नजर दोन्हीकडं सारखी: हे एकमेकांत फुटलेले आहेत, फुटलेलेच राहतील.

ती नजर खोटी पाडली ती जो एटर या २६ वर्षांच्या संघटकानं नि त्याच्या साथीदारांनी. संपाच्या कमिटीत प्रत्येक भाषेच्या लोकांचे प्रतिनिधी घेतले. प्रत्येक भाषण अनेक भाषांत फिरू लागलं. जोव्हानित्ती एटरच्या मदतीला आला तो कशासाठी? रिलीफचं काम बघायला. म्हणजे कुणाच्या घरात कोळसा संपला, कुणाच्या चुलीवर आज काही नाही, सूप किती माणसांना पुरेल, ही कामं. कवी आधी शिधा वाटायला आला नि मग सभेत बोलला. बोलला तो त्यांच्याच भाषेत. म्हणून त्याचं ऐकलं.

२९ जानेवारीच्या संध्याकाळी गर्दीत ॲना लोपिझो ही कामगार बाई गोळी लागून मेली. गोळी पोलिसाची होती, असं संपकऱ्यांच्या साक्षीदारांचं म्हणणं. एटर नि जोव्हानित्ती तेव्हा सुमारे दोन मैलांवर होते. तरी दोघांना पकडलं. आरोप काय? तुमच्या भाषणांमुळं दंगा झाला, दंग्यात बाई मेली, म्हणून खुनाला तुमची साथ. पुढं जोसेफ कारूझो नावाच्या कामगारालाही गोवलं. त्या राज्यात अशा गुन्ह्याला विजेच्या खुर्चीवर मरण होतं. त्याच महिन्यात गावात डायनामाइट सापडलं होतं. संपकऱ्यांचं म्हणून बोंब झाली. ते ठेवणारा निघाला गावातलाच एक प्रतिष्ठित, जॉन ब्रीन. त्याला शिक्षा झाली ५०० डॉलर दंड. न्यायाचा तराजू कसा झुकतो ते यावरून समजा.

पुढारी आत गेले तरी संप मोडला नाही. फेब्रुवारीत संपकऱ्यांनी आपली पोरं न्यूयॉर्कच्या कामगार घरांत सांभाळायला पाठवली. पहिल्या तुकडीत ११९ पोरं. त्यांच्याबरोबर गेलेल्या नर्सनं, मार्गारेट सँगरनं, पुढं साक्ष दिली की फक्त चौघांच्या अंगात आतले कपडे होते. लोकर विणणाऱ्यांची पोरं ही. २४ फेब्रुवारीला आणखी पोरं निघाली तेव्हा स्टेशनवर पोलिसांनी बायकापोरांना मारलं. देश हादरला. काँग्रेसच्या समितीपुढं कॅमेला तिओली ही कामगार मुलगी उभी राहिली. पिळाच्या यंत्रात केस अडकून तिच्या डोक्याची कातडी सोलली होती. ते तिनं सांगितलं. पुढं आयुष्यभर घरात मात्र बोलली नाही. तिच्या पोटच्या मुलीला आईची ही साक्ष कळली ती कितीतरी वर्षांनी, एका पत्रकाराकडून. बोललेलं कुणी लिहून ठेवलं नाही तर ते आपल्याच घरात मरतं.

मार्चमध्ये मालक नमले. पगार वाढले, सगळ्यांत कमी पगारवाल्यांचे सगळ्यांत जास्त. संप जिंकला, कवी जेलातच.

३० सप्टेंबर १९१२. सेलम गावी खटला उभा राहिला. लॉरेन्समध्ये त्या दिवशी हजारो कामगारांनी काम बंद ठेवलं. तिघं आरोपी भर कोर्टात पिंजऱ्यात. शेवटी जोव्हानित्ती उठला. ज्यूरीला म्हणाला, इंग्रजीत जाहीर बोलायची माझी ही पहिलीच वेळ आहे. दया मागितली नाही. म्हणणं साधं होतं: ज्या हत्यारावर माणूस राबतो ते दुसऱ्याच्या मालकीचं असेल, तर त्या माणसाच्या जगण्याचाही मालक तो दुसराच. घरी आईबाप वाट बघतात, एका बाईवर प्रेम आहे, जगावंसं वाटतं, हे लपवलं नाही. पण सुटलो तर जिथं पुढचा संप होईल तिथं आम्ही पुन्हा जाऊ, हेही ज्यूरीच्या तोंडावर सांगितलं. वय २८. २६ नोव्हेंबरला तिघंही निर्दोष सुटले.

जेलात त्यानं इंग्रजीत कविता लिहिल्या. ‘द वॉकर’ म्हणजे चालणारा. डोक्यावरच्या कोठडीत कुणी कैदी रात्रभर येरझाऱ्या घालतो नि खाली जागा असलेला दुसरा त्याची पावलं ऐकतो, एवढाच विषय. मी रिंगफ्रेमवर आहे. आमच्या खात्यात कुणी उभं राहत नाही, चालतो. फ्रेमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तुटलेला धागा सांधत, आठ तास. वरच्याच्या चालण्याला कुलूप आहे, माझ्या चालण्याला भोंगा आहे. ती कविता समजायला मला डिक्शनरी कमी लागली. पिंजऱ्यावरची कविता जून १९१३ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ या बड्या मासिकात छापून आली. १९१४ च्या संग्रहाला हेलन केलरची प्रस्तावना. ज्याच्या शब्दांना सरकारी वकील खून म्हणत होता, त्याच शब्दांना वर्षभरात साहित्य म्हणू लागले. शब्द एकाच माणसाचे होते.

पुढचं थोडक्यात. लॉरेन्समधली संघटना टिकली नाही. काही वर्षांतच विसकटली. मालकांनी पुन्हा जमातीजमातीत फूट पाडली. जोव्हानित्ती सॅको नि व्हान्झेत्तींच्या बचावासाठी झटला, त्या दोघांना १९२७ साली मारलं. मुसोलिनीच्या विरोधात अमेरिकेतल्या इटालियनांना उभं करत राहिला. १९३८ साली इटालियन कवितांचा संग्रह आला, नाव ‘शब्द आणि रक्त’. शेवटची वर्षं अंथरुणावर गेली. ३१ डिसेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये वारला.

आता माझ्या खात्याचं सांगतो. कंत्राटावर बिहार, ओडिशाची पोरं आलीत. जेवायच्या सुट्टीत कुणी कुणाची भाषा बोलत नाही, पण आडनाव विचारायला सगळ्यांना येतं. डबे उघडले की जमिनीवर न आखलेल्या रेघा दिसतात. युनियनचा माणूस म्हणतो, कामगाराला जात नसते. मग या रेघा कुणी ओढल्या? मालक कधी आमच्या जेवणाच्या जागेत आलेला नाही.

म्हणून पुढच्या अंकासाठी मी कविता दिलेली नाही. पत्रक लिहितोय. पहिलं कलम डब्याचं आहे, दुसरं पगाराचं. हा क्रम काहींना उलटा वाटेल. मी तो बदलणार नाही. मराठी नि हिंदी मजकूर झाला. ओडियात करून देणारा कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर संपादकांकडं निरोप ठेवा.

जयभीम.