टाचणातलं एक वाक्य

टाचणवहीत ‘उद्दिष्टे’ या रकान्यात सहसा एक ठरलेलं वाक्य असतं : विद्यार्थ्यांना अमुक घटकाची माहिती होईल. माहिती झाली की नाही, हे तास संपताना पाहायचं कसं, ते मात्र त्यात नसतं. लोणार तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत आठवीला ‘आम्ल, आम्लारी’ शिकवताना मी वेगळं वाक्य लिहिलं : दिलेला द्रव आम्ल, आम्लारी की उदासीन, हे विद्यार्थी दर्शक वापरून ओळखेल आणि कारण सांगेल.

आमच्याकडे मुलांची उत्सुकता जागी करायला वेगळं काही करावं लागत नाही. लोणार सरोवराचं नाव काढलं की वर्ग बोलायला लागतो. उल्का आदळून झालेलं, पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर, लवणासुराची गोष्ट, दैत्यसूदनाचं मंदिर, २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालेलं पाणी. पण प्रत्येक धाग्यामागे गेलं तर तास गोष्टींतच संपतो. टाचणातल्या त्या वाक्याने निवड सोपी केली. उल्का आणि लवणासुर बाजूला ठेवले, पाणी तेवढं घेतलं.

सरोवर अभयारण्यात असल्यामुळे तिथलं पाणी आणलं नाही. त्या पाण्यात सोडियम कार्बोनेट भरपूर, आणि धुण्याचा सोडाही तेच. म्हणून किराणा दुकानातून सोडा आणला. लिंबू, ताक, साबणाचं पाणी मुलांनी घरून आणलं. हळद कालवून कागदावर लावली आणि पट्ट्या उन्हात वाळवल्या.

सुरुवातीला एवढंच विचारलं, “शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला तर काय होतं?” निम्म्या वर्गाला उत्तर घरूनच माहीत होतं. सोड्याच्या पाण्यात पट्टी बुडवली, तसा मागून आवाज आला, “सर, हे तं कुंकवावानी झालं!”

खरी अडचण पुढे होती. लिंबाच्या रसात पट्टी पिवळीच राहिली, साध्या पाण्यातही पिवळीच. काहींनी दोन्ही ‘आम्ल’ म्हणून वहीत लिहून टाकलं. नुसती गंमत दाखवायची असती तर लाल पट्टीवरच तास संपला असता. उद्दिष्टात ‘ओळखेल’ होतं, म्हणून दुसरा दर्शक लागणार हे आधीच दिसलं होतं. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात ठेवून रंगीत पाणी केलेलं होतं. त्यात लिंबू पिळल्यावर ते गडद गुलाबी झालं, सोडा टाकल्यावर हिरवट. साध्या पाण्याने तसा काहीच बदल झाला नाही. मुलांनी आपापले तक्ते स्वतः खोडून दुरुस्त केले.

‘ऐन-ए-अकबरी’त लोणारला काच आणि साबण करायला लागणारा माल मिळत असल्याची नोंद आहे. ती मी प्रयोग झाल्यावर सांगितली. आधी सांगितली असती तर इतिहासातली आणखी एक माहिती ठरली असती. आता मुलांनी तिचा संबंध हातातल्या लाल पट्टीशी स्वतःच जोडला.

शेवटची पाच मिनिटं एका प्रश्नाला ठेवली होती : सरोवराच्या पाण्यात हळदीची पट्टी बुडवली तर काय होईल, आणि का? ‘लाल होईल’ बहुतेकांनी लिहिलं. ‘का’ पुढची जागा बऱ्याच वह्यांत कोरी होती. त्या वह्या वेगळ्या काढल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या टाचणात पहिलं काम तेच लिहिलं.