गोरेगावची कॅमेऱ्यांची जत्रा

गोरेगाव म्हटलं, की आपल्या हिंगोलीकडच्या मुलांना सेनगाव तालुक्यातलं गोरेगाव आठवणार. पण दोस्तांनो, आज जायचंय मुंबईच्या गोरेगावात. दादासाहेब फाळके चित्रनगरी इथलीच. इथंच ऑक्टोबर २०१९मध्ये ‘ब्रॉडकास्ट इंडिया’ हे प्रदर्शन भरलं होतं. जत्राच म्हणा ना! फक्त पाळणे नाहीत. कॅमेरे, लेन्स, दिवे. किमती मात्र विचारू नका. एवढ्यात घर बांधून होईल!

मला खरी गंमत वाटते ती संकलनाची. पूर्वी फिल्म खरोखर कापून चिकटवायची. आता कापाकापी कॉम्प्युटरवर होते आणि मूळ चित्रण जसंच्या तसं राहतं. चुकलं? पुन्हा जोडा. ‘दाविंची रिझॉल्व्ह’ या सॉफ्टवेअरवर मोठमोठ्या सिनेमांचे रंग सुधारतात. त्याची एक आवृत्ती चक्क फुकट मिळते, बरं का!

मग कॅमेऱ्याचं काय? फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला आणि सुरुवातीला काय टिपलं, ठाऊक आहे? वाटाण्याचं रोप! रोज थोडं थोडं टिपलं, म्हणून पडद्यावर ते भराभर वाढताना दिसलं.

आपल्याकडे वसमतची हळद आहेच. जूनमध्ये कुंडीत गड्डा लावा. कोंब दिसला, की आईबाबांच्या मोबाइलवर रोज एक फोटो काढा. टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं सरकतात. म्हणजे ५० दिवसांचा सिनेमा फक्त २ सेकंदांचा! प्रत्येक फोटो पाचदा जोडलात, तर १० सेकंद. मोबाइल ठेवायची वीट मात्र जागची हलवू नका.