साधनेचे सूर

चेलो हे सारंगीप्रमाणे गजाने वाजवावयाचे, परंतु आकाराने बरेच मोठे असे पाश्चात्त्य तंतुवाद्य होय. स्पेनमधील पाब्लो कासाल्स हा मुलगा ते शिकत असे. १८९० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, बार्सिलोनातील एका दुकानात त्याला जर्मन संगीतकार बाख यांच्या सहा चेलोरचनांची जुनी प्रत सापडली. त्या काळी या रचना बहुधा सरावाचे पाठ म्हणूनच ओळखल्या जात. पाब्लोने मात्र त्यांतील सौंदर्य हेरले. बारा वर्षे त्याने त्या घोटल्या. मगच लोकांपुढे वाजविल्या. पुढे १९३६ ते १९३९ या काळात, मायभूमी यादवीत होरपळत असताना, साठीच्या सुमारास कासाल्स यांनी त्या ध्वनिमुद्रित केल्या. आज अहिल्यानगरच्या खेड्यातील मुलालाही त्या ऐकता येतात. कानी पडतात ते घटकाभराचे सूर. त्यांमागे उभी असते जवळजवळ अर्ध्या शतकाची साधना!